मापाचा माणूस

४ जानेवारी

ताई,

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही, मी ठणठणीत आहे, आणि काम तुझ्याकडेच आहे.

आमचा कारखाना नवी पिकअप काढतोय. बाजारात पिकअप ढिगानं आहेत, पण ही अवजड कामाची. हौद्यात दोन टन, मागे ओढायला पाच टन, मागच्या अ‍ॅक्सलला जोडचाकं, पुढे दोर गुंडाळून ओढणारं विंच. केबिनचा आराखडा माझ्याकडे आहे. ड्रायव्हर कुठे बसणार, त्याचे पाय कुठवर पोचणार, त्याला काय दिसणार आणि काय दिसणार नाही, हे सगळं मी ठरवणार.

आमच्याकडे सीट सरकती नसते. मालकांचं म्हणणं, जे सरकतं ते खिळखिळं होतं. म्हणून सीट थेट तळाला बोल्टनं आवळतात, कायमची. मग माप कोणाचं धरायचं? तर एक खराखुरा ड्रायव्हर निवडायचा, उंच आणि दणकट. उंच माणसाच्या गाडीत बुटका पाठीशी उशी घेऊन बसतो. उलटं काही करता येत नाही. त्याला आम्ही ‘मापाचा माणूस’ म्हणतो. त्या मॉडेलची पहिली गाडी त्याची, फुकट. दारावर त्याच्या नावाची पट्टी लागते.

मी भाऊजींचं नाव दिलं, आणि ते मंजूर झालंय.

रीतीनं त्यांना इथे बोलावून मोजायला हवं. पण मी मालकांना सांगितलं, घरचेच आहेत, मी स्वतः मोजून आणते. मला यायला काही जमणार नाही, तेव्हा तूच मोज. कागद जोडलाय, चौदा मापं आहेत. भाऊजींना बोलू नकोस. माणसाला कळलं की तो ताठ बसतो आणि माप फसतं. टेपची सेंटिमीटरची बाजू वापर, इंचाची नाही. तुला फरक माहीत असेलच.

छोटी


१९ जानेवारी

छोटे,

तुझं अक्षर ओळखलं आणि पाकीट बाजूला ठेवून आधी जेवून घेतलं. उपाशीपोटी तुला वाचायचं म्हणजे पित्त होतं.

कमाल आहे बाई तुझी! दुसरीच्या नवऱ्याची मापं मागायची तर शिंपीसुद्धा जरा लाजतो. तू मागतेस ती वर टेप कशी धरायची ते शिकवून. सहा वर्षांत माझं कसं चाललंय हे एकदा विचारलं नाहीस, आता ह्यांच्या मांडीची लांबी हवीय.

पण गाडीला नाही म्हणायची माझी टाप नाही. आमचा खटारा आता शेवटच्या घटका मोजतोय. तिसरा गिअर पडतच नाही, चढावर मी खाली उतरून चाकामागे दगड लावते तेव्हा तो थांबतो. आमचं काम तुला नीट माहीत नसणार म्हणून सांगते. खड्ड्यात गेलेल्या गाड्या बाहेर काढायच्या आणि जनरेटर, क्रशर असली धुडं इकडून तिकडे न्यायची. हे चालवतात, मी मागे उभी राहून साखळी नि हूक लावते. ह्यांचा डावा आरसा रस्त्याकडे नसतोच, आत माझ्याकडे वळवलेला असतो. मी हात वर केला की ओढायचं, मूठ मिटली की थांबायचं. तोंडानं बोलायची गरज पडत नाही. आठ वर्षं मी त्या डाव्या सीटवर बसतेय. तिचा पत्रा माझ्या बुडाच्या आकाराचा झालाय.

तेव्हा मापं देते, पण एका अटीवर. डावी सीट माझी. ती राहिली पाहिजे. माझं पोट आणि माझा संसार, दोन्ही त्या सीटवर आहे.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

अट वाचली. काळजी करू नकोस, डाव्या बाजूचा मी फार बारकाईनं विचार करतेय.

चासी ठरली. शिडीसारखी, आडव्या पट्ट्या नेहमीपेक्षा दोन जास्त, आणि स्प्रिंगचे पाटे असे की रिकामी गाडी उसळणार नाही आणि भरलेली बसणार नाही. पहिला गिअर इतका हळू ठेवलाय की चढावर पाच टन ओढताना क्लच जळू नये. आता तुला चाकामागे दगड लावायला लागणार नाही.

केबिनसाठी मात्र मी तुझ्या कागदाची वाट बघतेय. रात्रंदिवस तोच माणूस डोळ्यांपुढे असतो, म्हणजे कामामुळे. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली आहे ना? मागे होता. मान वळवताना आधी हनुवटी वळायची आणि मग खांदा. अशा माणसाला आरसा थोडा पुढे लागतो.

यादीत अकरावं माप मुठीचं आहे, गिअरच्या दांड्यासाठी. ते घेऊ नकोस. ते मला माहीत आहे. मला गाडी त्यांनीच शिकवली होती, तू ती वेळ विसरली असशील. गिअरवर माझा हात आणि वर त्यांचा.

छोटी


२० फेब्रुवारी

छोटे,

विसरले नव्हते, बरं. खिडकीतून बघायचे मी. तू गिअर टाकायला शिकलीस आणि मग शिकायला म्हणून शहरात निघून गेलीस, जाताना त्यांना धड सांगितलंसुद्धा नाहीस. मागे राहिलेल्यांचं एकमेकांशी जुळलं. यात मी तुझं काही चोरलेलं नाही. टाकून गेलेली वस्तू उचलली, त्याला चोरी म्हणत नाहीत.

सोबत मापं आहेत. तेरा. हे झोपले असताना काही घेतली, काही जेवताना. गुडघ्यापासून टाचेपर्यंत, बसल्यावर कमरेपासून डोळ्यांपर्यंत, हाताची लांबी, सगळं. सेंटिमीटरमध्ये आहेत. मुठीचं तुझं तू घाल, एवढी आठवण आहे तर.

प्रत्येक आकडा नीट बघ हो. हात फिरवून बघ.

ताई


९ मे

ताई,

लाकडाची नमुना केबिन तयार झाली. तुझ्या आकड्यांवर सीट, पेडल, स्टिअरिंग, सगळं बसवलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्या सीटवर बसले.

एक विचारायचंय. माझे पाय जवळजवळ क्लचला लागले. ताई, भाऊजी एवढे लहान कधी झाले? माझ्या आठवणीत ते दारातून वाकून आत यायचे. इथला नमुने करणारा मिस्त्रीही म्हणाला, बाई, उंच माणूस पाहिजे होता ना? मी त्याला गप्प केलं. पण तू टेप नीट धरली होतीस ना?

डोळ्यांची उंची पुन्हा एकदा घेऊन कळव. चूक असेल तर अजून बदलता येईल.

छोटी


१७ मे

छोटे,

टेप नीट धरली होती. पुन्हा घेतली, तोच आकडा आला.

तुझ्या आठवणीतला माणूस वेगळा आहे गं. कोवळ्या वयात सगळेच उंच दिसतात. आठ वर्षं धक्के खाऊन ह्यांची पाठ वाकलीय, खांदे आत गेलेत, बसले की पोत्यासारखे खचतात. रोज बघते म्हणून मला जाणवत नाही, तुला जाणवणारच. तू त्यांना येऊन बघितलं असतंस तर लिहायची वेळ आली नसती, पण तुझा मान मोठा.

तुला उंच माणूस हवा असेल तर दुसरा कुणीतरी शोध. ह्यांचं नाव काढून टाक.

ताई


३० जून

ताई,

नाव काढणार नाही. उलट तुझं पत्र वाचून मला खूप गोष्टी कळल्या. तुझ्या संसारानं एवढा सहा फुटी माणूस खुजा करून ठेवला. मी मिस्त्रीला सांगितलं, आकडे बरोबर आहेत, आयुष्यानं माणूस आखडतो. मापं मी स्वतः घेतली, असं लिहून सही केली. काल तपशील गोठवले. म्हणजे आता कागद साच्यांच्या कारखान्यात गेला, एक मिलिमीटरही हलणार नाही.

आता डाव्या बाजूचं. तिथे सीट नाही.

विंचची मोटर, दुसरी बॅटरी आणि हत्यारांची पेटी, हे सगळं तिथे बसवलंय. मागे दोन कॅमेरे आहेत, विंच रिमोटवर चालतं, हूक स्वतःहून अडकतो. ड्रायव्हरला खाली उतरावं लागत नाही आणि मागे कोणाला उभं राहावं लागत नाही. एका माणसाचं वजन वाचलं ते मी हौद्यात घातलं. मालक खूश झाले. तपशीलपत्रकाच्या पहिल्याच ओळीत छापणार आहेत: ‘एक माणूस, एक सीट.’

हे सगळं तुझ्या सुखासाठीच केलंय. आठ वर्षं धूळ खाल्लीस, आता घरी बस. ते गाडी घेऊन सकाळी जातील, संध्याकाळी येतील. बाकीच्या बायका असंच जगतात.

छोटी


६ जुलै

छोटे,

शाबास. केसानं गळा कापायचा तर सख्ख्या बहिणीनंच.

एवढंच विचारते. गोठलं म्हणजे गोठलं ना? आता कोणाच्या सांगण्यावरून काही बदलत नाही ना?

ताई


१२ जुलै

ताई,

कोणाच्याही नाही. साचे कापून झालेत. तू रड, ओरड, मालकांच्या पाया पड, त्या केबिनमध्ये दुसरं माणूस बसत नाही.

ऑक्टोबरमध्ये गाडी तुमच्या गावच्या डेपोत येईल. मालक स्वतः चावी देतील, वर्तमानपत्रवाले असतील. मी येणार नाही. खचलेले भाऊजी मला बघवायचे नाहीत. तूही गेली नाहीस तर बरं, परत येताना बसशील कुठे?

छोटी


२१ ऑक्टोबर

छोटे,

यायला पाहिजे होतंस गं. अशी मजा पुन्हा नाही.

ह्यांना आदल्या दिवशी सांगितलं. गाडी फुकट, तुमच्या मापाची, छोटीनं बनवलीय. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट तेवढा बाहेर काढला. डेपोत गाडी उभी होती, राखाडी रंगाची, छातीएवढ्या चाकांची. खोटं कशाला बोलू, देखणी आहे. दारावर ह्यांच्या नावाची पट्टी. तुमच्या मालकांनी भाषण केलं, म्हणाले, ही गाडी या माणसाच्या हाडांवर बेतलेली आहे. टाळ्या पडल्या. ह्यांनी दार उघडलं आणि आत चढले.

म्हणजे चढायचा प्रयत्न केला. डोकं छताला आपटलं. एक गुडघा स्टिअरिंगखाली अडकला, दुसरा दारात राहिला. आत ढकलावं तर हॉर्न वाजतो, बाहेर ओढावं तर वायपर सुरू होतात. वर्तमानपत्रवाल्यांना हसू आवरेना. कुणीतरी म्हणालं, हाडं परत मोजा! शेवटी डेपोच्या दोघांनी धरून बाहेर काढलं, शर्ट खांद्यावर टर्रकन फाटला. तुमचे मालक पांढरेफटक. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, तुम्हाला नक्की कोणी मोजलं? हे म्हणाले, मला? मला कोणीच मोजलं नाही.

मग मी पुढे झाले, चढले आणि बसले. छोटे, काय सांगू! क्लच पायाखाली, स्टिअरिंग हाताशी, पाठीला टेकू जिथे पाहिजे तिथे. शिवून घेतलेल्या कपड्यासारखी बसली मला. बसणारच. तेरा मापं माझीच आहेत.

लहानपणी तू मला उंटीण म्हणायचीस ना, ती उंटीण कामाला आली. मुठीवर हात ठेवल्याची आठवण तू ज्या दिवशी मला कळवलीस, त्याच दिवशी आरशासमोर बसून मी माझी मापं घेतली. चार महिने तू माझ्या मांडीवर, माझ्या कमरेवर पेन्सिल फिरवत बसलीस, आणि तुला वाटत होतं ते आहेत. मेमध्ये सांगून टाकणार होते, खरंच. पण तू म्हणालीस, ते एवढे लहान कधी झाले, आणि मला इतकं हसू आलं की सांगायचं राहिलं.

चावी द्यायची म्हणजे द्यायची, एवढ्या लोकांसमोर मालकांना नाही म्हणता येईना. गाडी मी चालवत घरी आणली. हे मागे हौद्यात बसून आले, फाटक्या शर्टात. जागा दुसरी नव्हती. ‘एक माणूस, एक सीट’, तुझेच शब्द.

आता तू मडकं घे आणि डोक्यावर फोड.

ताई


२ डिसेंबर

छोटे,

काम जोरात आहे. गाडी ओढते, खोटं बोलणार नाही. मागच्या आठवड्यात नाल्यात गेलेला डंपर एकटीनं काढला, चाक एकदाही घसरलं नाही. लोक बघायला उभे राहतात.

दुसरं म्हणजे, हे तिकडे आलेत का? मागच्या महिन्याच्या दहा तारखेला जुना खटारा विकायला म्हणून गेले. खटारा विकला गेला, ते मला मेकॅनिककडून कळलं. त्याआधी रोज एकच. मी सकाळी गाडी काढायची आणि हे ओट्यावर उभे. एकदा म्हटलं, हौद्यात बसून या की, साखळीला हात लावा. माझ्याकडे बघून आत गेले. मी काय मुद्दाम म्हटलं नव्हतं. आठ वर्षं मी त्यांच्यासाठी धुळीत उभी राहिले, ते चार दिवस उभे राहिले असते तर काय झालं असतं?

तुमच्या मालकांचं पत्र त्यांना आलं होतं, ते मी पाहिलं. परत मोजायला बोलावलंय म्हणून. तिथे असतील तर त्यांना सांग, दुधाचा चहा मी आता केला तरी एकटीचाच करते, आणि उरतो. नाही, हे सांगू नकोस. नुसतं कळव.

हल्ली डाव्या आरशाकडे सारखं लक्ष जातं. मी कधी डाव्या आरशात बघतच नव्हते, मी त्यात असायचे. आता बघते तर मागे कोणी नसतं. कॅमेरा चांगला आहे, पण कॅमेरा मूठ मिटत नाही.

उत्तर दे गं. वाटेल तेवढं टोचून लिही, पण दे.

ताई


१५ डिसेंबर

ताई,

मालकांनी माझी सही माझ्यासमोर धरली आणि विचारलं, ही मापं तुम्ही घेतलीत? मी हो म्हटलं. बहिणीनं फसवलं म्हणण्यापेक्षा मला मोजता येत नाही म्हणणं बरं वाटलं. केबिनचं काम माझ्याकडून काढून घेतलं. साचे भंगारात गेले. आता मी मडगार्ड बघते. खूश राहा.

हो, भाऊजी इथे आहेत.

आता लाज सोडूनच लिहिते. ते येणार कळलं तेव्हा मी नवीन साडी नेसले होते. दारातून वाकूनच आत आले, ताई. जसेच्या तसे आहेत. पाठ ताठ, खांदा तेवढाच खाली. मापं मला घेऊ दिली नाहीत, मिस्त्रीनं घेतली. मी बाजूला बसून आकडे लिहिले. अकरावं माप आलं तेव्हा मी न विचारता कागदावर आकडा घातला. मिस्त्रीनं तरी मूठ मोजली. माझा आकडा चुकला. एवढी वर्षं मी चुकीची मूठ लक्षात ठेवली होती.

दुसऱ्या आवृत्तीचा कच्चा आराखडा मी त्यांच्यापुढे ठेवला. मागितला नव्हता कोणी, घरी बसून केला होता. त्यात डावी सीट ठेवली होती. रुंद, हात टेकायला जागा, पाय पसरता येतील अशी. ती मी तुझ्यासाठी ठेवली नव्हती, हे तुला सांगायला नको.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग मिस्त्रीच्या कानामागची पेन्सिल घेतली आणि डाव्या सीटवर फुली मारली. म्हणाले, ‘मॅडम, सीट एकच ठेवा.’ मला मॅडम म्हणाले. मी विचारलं, एक कशाला, शेजारी कोणी नको का? तर म्हणाले, ‘तुम्ही दोघींनी वर्षभर माझी मापं काढली. गाडी हवी का, हे मला कुणी विचारलं नाही. माझी मापं माझ्याकडे मागितली असती तर मी उभा राहून दिली असती.’

गाडीऐवजी त्यांनी मालकांकडे नोकरी मागितली. चाचणीचे ड्रायव्हर म्हणून लागलेत. हौद्यात वाळूची पोती टाकून दिवसभर एकटेच घाटात गाडी चढवतात आणि उतरवतात. माझ्या खिडकीखालून रोज जातात, वर बघत नाहीत. मागच्या आवारात खोली मिळालीय. परत जाण्याचं काही बोलत नाहीत, आणि इथे राहतात ते माझ्यासाठी नाही. तेव्हा तुला माझा हेवा करायचं कारण नाही, आणि मलाही तुझा करावासा वाटेना झालाय. एका माणसाला दोघींनी मिळून हौद्यात बसवलं, एवढंच आपण केलं.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. चहाचंसुद्धा, सांगू नकोस म्हणालीस तरी. तेवढा सूड माझ्यात शिल्लक होता. ऐकताना हातमोजे चढवत होते. आरशाचं आलं तेव्हा थांबले. मला वाटलं, आता विरघळतात.

म्हणाले, ‘डावा आरसा तिनं अजून आतच वळवून ठेवला असेल. बाहेर फिरवून घे म्हणावं, रस्त्याकडे. मागे आता कोणी उभं राहणार नाही, आणि डावीकडून ओव्हरटेक करणारा दिसला नाही तर मरेल.’

मग गाडी काढून घाटाकडे गेले. निरोप होता तो पोचवला.

छोटी